सत्तेचाळीस नंबर चौकात थांबतो

६ जानेवारी १९७४, रविवार

आज गावाला अधिकृतपणे वेड लागलं. सभा भरवून, ठराव करून, टाळ्यांच्या गजरात!

ठराव असा — पुढच्या महिन्यात मुंबई-पुणे सायकल शर्यत हायवेने जाईल, तेव्हा आमच्या चौक गावच्या समस्त ग्रामस्थांतर्फे सत्तेचाळीस नंबरचा जाहीर सत्कार करावा. कमान, शाल, नारळ, बँड.

आता सत्तेचाळीस नंबर म्हणजे कोण? पहिला येणारा? नाही. दुसरा? नाही. तो शेवटचा येतो. तोही साधासुधा शेवटचा नाही — बाकीचे पुण्यात आंघोळ करून आडवे झालेले असतात, तेव्हा हा आमच्या जानकीबाईच्या हॉटेलासमोर घंटी वाजवत उतरतो. गेली चार वर्षं हेच. घरगुती लोखंडी सायकल, मागे कॅरियर, पुढे दिवा, चाकाला डायनॅमो. बनियनच्या पाठीवर लाल आकड्यात ४७. चहा पितो, भजी खातो, सगळ्यांची नावानिशी विचारपूस करतो आणि "येतो आता, पुढं जायचंय" म्हणून खोपोलीच्या दिशेला लागतो. गाव टाळ्या वाजवतं. मी हॉटेलाला लागूनच मशीन घेऊन बसतो, त्यामुळे हा तमाशा मला फुकट दिसतो.

सभा देवळात घ्यायची की बुद्धविहारात, यात अर्धा वेळ गेला. शेवटी पोशाच्या गॅरेजात झाली. तिथे सगळ्यांचेच कपडे सारखे काळे होतात. शिंपी म्हणून माझी तक्रार नाही.

अध्यक्ष आबाजी, माजी सरपंच. हा माणूस सरपंचपदावरून उतरला, खुर्चीवरून अजून उतरायचाय. म्हणाला, "ह्या खेळाडूला आपन का मानतो? कारनं सांगा. भाषनात घालायचीत."

पोशा उठला. "बाकीच्यांच्या सायकलीजवळ गेलो तर मागचा जीपवाला वरडतो, बाजूला हो म्हनून. ह्यो सोता सांगतो, पोशादादा, जरा चेन बघा. चार वर्सं मी त्याची चेन बघतोय. मंजे त्याच्या शर्यतीत माजा पन हात हाय का नाय?"

आहे ना, म्हणूनच तो शेवटचा येतो, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

मग चांगो. याची भातशेती, आणि एकुलता एक भरवशाचा बैल ढवळ्या. "बाकीच्यांच्या सायकली कागदाच्या. फुंकर मारली तर पुन्यात! ह्याची बघा — स्टँडसकट! येवडं वझं घेऊन शर्यत मारतो गडी. आन दरसाल इचारतो, ढवळ्याचा खूर बरा हाय का. सांगा, कोन इचारतो?"

जानकीबाई शेवटी बोलली. साठी उलटली तिची, आणि तरुणपणापासून हायवेवर चहा विकते. म्हणाली, "बाकीचे जातात. ह्यो येतो."

बस. ठराव पास.

मला विचारलं, "काळूराममास्तर, तुमचं काय?" म्हटलं, माझा आवडता खेळाडू अजून जन्मायचाय. जन्मला की माप घेईन.

७ जानेवारी

रात्रभर विचार केला (म्हणजे झोपेपर्यंत). आबाजीला स्वतःच्या शेतावर जायला बैलगाडी लागते. त्याला लांब पल्ल्याचे धावणारे आवडतात. बायकोसमोर ज्याचा शब्द फुटत नाही त्या बुधाजीच्या घरात पैलवानांची चित्रं — चारी भिंतींवर, लंगोटात. ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेट ऐकणाऱ्या आमच्या पोस्टमनने आयुष्यात एक चेंडू अडवलेला नाही. पत्रंसुद्धा त्याच्या हातातून निसटतात. जे आपल्याला जमत नाही ते करणाऱ्याला लोक मानतात, हे मी समजू शकतो. पण शेवटचा येणं तर ह्या गावातल्या प्रत्येकाला जमतं! मग ह्याच्यात काय पाहिलं?

हे सगळं मोठ्याने म्हणालो. बायको, चंद्रा, भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही. "तुमाला कोनच आवडत नाय. कोन आवडला तर त्याच्यावर इनोद कसा करनार?"

हिला वही वाचता येत नाही हे एक बरं आहे. तिला लागतही नाही म्हणा.

१४ जानेवारी

संक्रांत. आज गोड बोलायचं असतं. दिवसभर गप्प होतो.

१७ जानेवारी

शेजारच्या लोधिवली गावचा सहदेव पँटची लांबी कमी करायला आला. लोधिवलीवाले दरवर्षी पहिल्या येणाऱ्यासाठी हार घेऊन उभे राहतात. तो वाऱ्यासारखा जातो. हार हातातच राहतो आणि संध्याकाळी सहदेवची शेळी खाते. अशी ती शेळी तालुक्यातली सगळ्यात सत्कारलेली शेळी आहे.

"काय मास्तर, तुमच्याकडं नापासाचा सत्कार करतात म्हनं? आमी बाबा पयल्यालाच मानतो."

"त्याचं तोंड पाहिलंय का कधी?"

"तोंड कसं दिसंल? पयला असतो ना तो!"

मी त्याच्या पँटवर खडूची खूण केली. पण पलीकडे चहा पिणाऱ्या आबाजीला ‘नापास’ लागलं. ताडकन उठला आणि जाहीर केलं की सत्काराला शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे एक साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आणीन. "मंग कळंल लोधिवलीला, नापास कोन ते!"

१९ जानेवारी

साहेब येणार. होकार आला. आबाजी आज दोनदा दाढी करून फिरतोय.

कमानीवरचं कापड मला शिवायचंय. आबाजीने दिलेला मजकूर एवढा लांब आहे की तो वाचेपर्यंत शेवटचा सायकलवालासुद्धा निघून जाईल. मी फक्त ‘४७’ आणि ‘सुस्वागतम्’ ठेवलं. बाकी कापड चंद्राने पोलक्यासाठी घेतलं.

२३ जानेवारी

आज जे घडलं ते ह्या पानाशिवाय कोणाला सांगता येणार नाही. हात शिवशिवतोय, जीभ त्याहून जास्त.

भर दुपारी एसटीतून एक माणूस उतरला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. मला वाटलं दाढ दुखतेय. हॉटेलाकडे चोरून बघत सरळ माझ्या दुकानात शिरला, पडद्यामागे गेला — जिथे बायका माप देतात तिथे! मी कैची उचलली. त्याने टॉवेल सोडला.

सत्तेचाळीस नंबर!

"मास्तर, नंबर उसवलाय. शिवून द्याल?" पिशवीतून बनियन काढलं. मी आकडे उलटसुलट करून पाहिले. लाल फ्लॅनेल, घरच्या बोथट कात्रीने कापलेलं. साताची शेपूट वाकडी. चाराला चुकून दोन नाकं.

"मंडळवाले छापील नंबर देत नाहीत का तुम्हाला?"

तो मापाच्या स्टुलावर बसला. जमिनीवरची एक चिंधी उचलून बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मास्तर, मी शर्यतीत नाही."

"म्हणजे यंदा उतरत नाही?"

"कधीच नव्हतो."

नाव श्रीपत. राहतो कुर्ल्याला. सायकलवरून घरोघर पाव टाकतो. बहीण येसूबाई खोपोलीच्या शिळफाट्याला दिलेली. तिच्या घरी बारसं होतं म्हणून चार वर्षांपूर्वी सायकलनेच निघाला. त्याच दिवशी शर्यत होती हे त्याला पनवेलपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं. चौकला पोचला तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं! आणि सगळी टाळ्या वाजवतायत! त्याने मागे वळून पाहिलं, कोण येतंय म्हणून. मागे कोणीच नव्हतं.

"लोकांना वाटलं मी शेवटचा शर्यतवाला. बाईंनी चहा दिला, पोशादादांनी चेनला तेल घातलं, कोणीतरी गळ्यात हार घातला. मी खोटं काही बोललो नाही, मास्तर. मी फक्त थांबलो." मग टॉवेलाची घडी घालत — "रोज पाव टाकतो. उशीर झाला तर शिव्या, वेळेवर पोचलो तर काहीच नाही. टाळ्या कोण वाजवतंय पाववाल्याला?"

पुढच्या वर्षी शर्यतीचा दिवस विचारून घेतला. बायकोने पाठीवर नंबर शिवला. सत्तेचाळीसच का? चाळीतल्या खोलीचा नंबर!

"आणि घाट? पुणं?"

"घाट कुठला, मास्तर! शिळफाट्याला ताईकडं जेवतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी परत."

शिळफाट्याच्या बाजारात सगळं कळतं. येसूबाईने सत्काराचं ऐकलं, साहेबाचंही ऐकलं, आणि भावाला कळवलं. साहेब तर बघताक्षणी ओळखणार. "खरा सत्तेचाळीस नंबर दरवर्षी असतो, मास्तर. दुसराच कोणी. तुमच्या समोरून जातो. तुम्ही बघत नाही."

"कसं बघणार? आम्ही तुझी वाट बघत असतो ना!"

‘आम्ही’ कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे.

"मग हे मलाच का सांगतोस?"

"सगळे टाळ्या वाजवतात. तुम्ही मशीनवरून मानसुद्धा वर करत नाही. म्हटलं, ह्या माणसाला कळलं तरी वाईट वाटणार नाही."

एवढा नेमका अपमान माझा ह्या गावात अजून कोणाला जमलेला नाही.

यंदा येऊच नको, म्हटलं. तर म्हणतो, "मग पुढल्या वर्षी कुठल्या तोंडानं येऊ?" डोळ्यांत पाणी. आणि आला नाही तरी पंचाईतच: गाव वाट बघत बसणार, साहेबालाही बसवून ठेवणार, आणि रिकामा बसलेला साहेब बोलायला लागणार.

मग मीच युक्ती काढली. शर्यत सुटायच्या कितीतरी आधी निघ. गाव उठायच्या आत चौक ओलांड आणि बहिणीकडे जाऊन बस. लोक जमले की मी सांगीन — सत्तेचाळीस नंबर गेला, मी पाहिला, यंदा घाईत होता. न आलेल्या माणसाबद्दल चौकशी होते. घाईत गेलेल्याबद्दल फक्त तक्रार होते. साहेब जेवून जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा चहा.

त्याने माझे पाय धरले. मी साताची शेपूट सरळ करून दिली.

२४ जानेवारी

सगळं गाव एका पाववाल्याच्या सत्काराला बँड आणतंय! आयुष्यभर ज्या विनोदाची वाट पाहिली तो चालत दुकानात आला, पडद्यामागे बसला — आणि मी तो कोणाला सांगू शकत नाही!

चंद्रा म्हणाली, "पोट दुकतंय का? तोंड असं का केलंय?"

म्हटलं, हो, दुखतंय.

२ फेब्रुवारी

चांगोने ढवळ्याची शिंगं रंगवली. एकावर ४, एकावर ७. बैल समोरून आला तर ७४ दिसतं. मी सांगितलं नाही. हल्ली बरंच काही सांगत नाही मी. तब्येत उतरलीय.

९ फेब्रुवारी

कमान उभी राहिली. आंब्याचे डहाळे, झेंडू, मधे माझं कापड. जानकीबाईने नवी कपबशी आणली, फक्त त्याच्यासाठी. बशीवर गुलाब. मला दाखवून म्हणाली, "आवडंल का रं त्याला?"

म्हटलं, चहा गरम असला म्हणजे झालं.

उद्या ही बाई माझ्या युक्तीपायी ती बशी परत फडताळात ठेवणार. त्याला इलाज नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

लिहितो. झोप तशीही येणार नाही.

पहिला घोटाळा: बँडवाले आदल्या रात्रीच येऊन गॅरेजात झोपलेले. उजाडायच्या आत त्यांनी तालीम सुरू केली. सगळं गाव ताडकन रस्त्यावर! गाव उठायच्या आत चौक ओलांडायचा बेत तिथेच संपला. मी हायवेवर लांब चालत गेलो, श्रीपत दिसला तर मागे वळवावा म्हणून. श्रीपतचा पत्ताच नाही. ऊन वर आलं तरी नाही. म्हटलं, शहाणा झाला, आलाच नाही.

साहेब आले. पांढरी टोपी, छातीवर बिल्ला. खुर्चीत बसून वडे खाऊ लागले. लोधिवलीहून सहदेव आणि मंडळी मुद्दाम आमच्याकडे आलेली — हार घेऊन, पण आमच्यासाठी नव्हे. आमची फजिती बघताना पहिल्यालाही गाठू म्हणून.

पोशा बाभळीवर चढून टेहळणी करत होता. एकदम ओरडला — "आले! पयला आला! एकटाच हाय!"

आणि मग त्याचा आवाज बसला. "अरं... अरं, ह्यो तर आपला..."

वळणावरून श्रीपत आला. लोखंडी सायकल, कॅरियर, डायनॅमो. मान खाली, पाय पिसाळल्यासारखे. पाठीवर ४७. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर पोलिसांची जीप, आणि जीपमागे शर्यतवाल्यांचा रंगीत थवा. सत्तेचाळीस नंबर — पहिला!

गाव गप्प झालं. इतकं गप्प की बँडवाल्यानेही फुंकलेली तुतारी अर्ध्यात सोडली. आबाजीच्या हातात शाल उघडी. जानकीबाई गुलाबाची कपबशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी, वाफ निघतेय.

टाळ्या वाजल्या — लोधिवलीच्या! सहदेव नाचत होता. "पयला! पयला! सत्तेचाळीस!" ज्याला महिनाभर नापास म्हणाला, त्याच्यावर हार फेकला. हार डायनॅमोवर पडून दोन फुलं तुटली.

श्रीपतने एकदाच वर पाहिलं. दोन्ही बाजूंना आमची तोंडं. एकही हात हलला नाही. हॉटेलासमोर त्याचा अंगठा सवयीने घंटीवर गेला — एकदाच वाजली — आणि तो थांबला नाही. गेला. मागून थवा आला, तोही गेला. नेहमीसारखाच. त्यात कुठेतरी खरा सत्तेचाळीस नंबर असेल. मी बघितलं नाही.

साहेब वडा हातात घेऊन उभे राहिले. "हा मधेच कोण घुसला? हा आमच्या शर्यतीतला—"

पुढचा शब्द बाहेर पडला असता तर संपलं होतं. मी आबाजीच्या हातातून शाल ओढली, साहेबांच्या डोक्यावरून टाकली. झेंडूचा हार उचलून गळ्यात असा घातला की नाकापर्यंत आला. ओरडलो, "प्रमुख पाहुण्यांचा विजय असो! वाजवा रे!" बँड सुटला. साहेब हारातून काहीतरी बोलत होते, पण झेंडू तोंडात गेल्यावर माणसाचं भाषण कळत नाही. मग नारळ दिला, मग दुसरा नारळ दिला. तिसऱ्या नारळाला साहेब खूश झाले आणि विसरले. माझी पंधरा वर्षांची निंदानालस्ती वाया गेली. आबाजी आता मला भाविक समजतो.

जानकीबाईने कपातला चहा रस्त्यावर ओतला. "पयला आला," ती म्हणाली. दुसरं काही नाही.

११ फेब्रुवारी

हॉटेलात कोणी कोणाशी बोलत नाही. घरात कोणी गेल्यासारखं.

पोशा: "चेन बगायला दिली नाय यंदा. मंजे माज्याशिवाय पयला येतो तो." हे बोलताना गडी खरोखर रडला.

चांगो: "मोठा झाला. आता ढवळ्या कशाला आटवतो त्याला?"

पेपर आला. विजेत्यांत सत्तेचाळीस नंबर नाही. बुधाजीने खुलासा केला, "घाटात दमला आसंल. पयला यायची सवय नाय ना त्याला." लोधिवलीने लगेच त्याला सोडलं. आमच्या गावाने मात्र सोडलं नाही — नुसतं रुसून बसलंय. रुसायला माणूस आपला लागतो.

मला सगळं माहीत आहे. एक वाक्य बोललो तर सगळ्यांचा रुसवा जाईल, आणि त्याबरोबर तोही जाईल. फसवलं म्हणतील. नाही बोललो तर गर्विष्ठ म्हणतील. ज्या युक्तीचा मला अभिमान होता तिने एका पाववाल्याला एका दिवसात दोन बदनाम्या देऊ केल्यात — कोणती घालायची ती मी निवडायची!

१४ फेब्रुवारी

ढवळ्याची शिंगं खरवडून साफ. बैल बिचारा मान हलवून आकडे शोधतोय.

१७ फेब्रुवारी, रविवार

शिळफाट्याला गेलो. चंद्राला सांगितलं, बटणं आणायला.

येसूबाईचं घर बाजाराच्या मागे. मला बघून दारातच म्हणाली, "तुमीच का ते शिंपीमास्तर? या. तुमच्या युक्तीची मानसं बसतात तिथं बसा." म्हणजे ओसरीच्या उन्हात.

श्रीपत मध्यरात्रीच निघणार होता. पण रविवारी पाव जास्त जातो. सगळी घरं केल्याशिवाय त्याला निघता आलं नाही. निघाला तेव्हा शर्यत सुटायला जेमतेम दीड तास उरला होता. चौक जवळ आल्यावर मागे जीपचा भोंगा ऐकला आणि जीव घेऊन पळाला. बाजूला का नाही झाला? तर म्हणे, मास्तरांनी सांगितलं होतं, आधी ओलांड.

"रडत आला," येसूबाई म्हणाली. "जेवला पन नाय. म्हनला, ताई, चौकात कोनी टाळी वाजवली नाय. सगळ्यांना कळलंय. सगळी माज्याकडं बगत उभी व्हती. आता परत ह्या रस्त्यानं येनार नाय, म्हनला. बनियन इथंच टाकून गेला."

बनियन खुंटीवर होतं. मी शिवलेला सात अगदी सरळ दिसत होता.

बटणं आणायची राहिली.

१८ फेब्रुवारी

सकाळी हॉटेलात कोणी नव्हतं. जानकीबाई भट्टीला कोळसा घालत होती. मी सगळं सांगितलं. कुर्ला, पाव, खोली नंबर सत्तेचाळीस, बारसं, माझी युक्ती. मधे एकही विनोद केला नाही — तिनेच विचारलं, बरं नाय का तुला?

सांगून झालं. ती कोळशाचा हात पदराला पुसत राहिली.

"मंजे शर्यतीत नव्हताच?"

"नाही."

"पुन्याला जात नव्हता?"

"नाही, बाई. शिळफाट्याच्या पुढे कधी गेला नाही."

"मग इतकं कुर्ल्यावरनं सायकल हानत, दरसाल, कशाला यायचा रं?"

 उत्तर तिनेच शोधलं. तिचं तोंड हळूहळू उजळत गेलं, सकाळच्या त्या धुरात.

"आमच्याकडंच यायचा की मग!"

१९ फेब्रुवारी

जानकीबाईचं हॉटेल आज बंद. तिचा नवरा गेला त्या दिवशीही दुपारनंतर उघडलं होतं.

हायवेवरचे ट्रकवाले येऊन दार ठोठावून गेले. कोणीतरी सांगितलं, म्हातारी सकाळच्या एसटीने शिळफाट्याला गेली. हातात कागदात गुंडाळलेली कपबशी होती.

२० फेब्रुवारी

आली. "येसूबाईकडं निरोप ठेवलाय," म्हणाली.

"काय निरोप?"

"चा निवतोय म्हनावं."

आणि मग तिने अख्ख्या गावाला सांगितलं. मी मशीनमागे दडलो होतो, दगडफेक होईल म्हणून. पोशा छाती काढून फिरतोय — "शर्यतवाले तर चुकून येतात आपल्याकडं. ह्यो ठरवून यायचा!" चांगो रंगाचा डबा घेऊन ढवळ्यामागे धावतोय. आबाजी एकटाच चिंतेत. "शर्यतीत नसलेल्या खेळाडूचा सत्कार नेमात बसतो का, मास्तर?"

म्हटलं, शर्यतीत नसलेल्या साहेबाचा बसला ना?

२ मार्च

शिळफाट्याहून निरोप. येसूबाईच्या खुंटीवर बनियन नाही. गेल्या रविवारी कोणीतरी एसटीने येऊन, काही न बोलता, घेऊन गेलं.

२४ जानेवारी १९७५

शर्यत जवळ आली. सकाळी दुकान उघडतोय तोच जानकीबाई दारात. माझ्या टेबलावर लाल फ्लॅनेलचा तुकडा आपटला.

"अठ्ठेचाळीस काप."

"कोणासाठी?"

"माज्यासाटी. पोशा सायकल देतोय. मागनं धरनार पन हाय."

"बाई, तुम्ही शर्यतीत उतरणार?"

"शर्यतीत कोन जातंय मेल्या! दरसाल बिचारा शेवटचा येतो. त्याच्या मागं कोन नको का?"

मी कापला. ती गेल्यावर उरलेल्या फ्लॅनेलात एकोणपन्नास बसतो का ते पाहिलं. बसला.